कमी दिवसांचे बाळ आणि दवाखान्यातला जंतुसंसर्ग

गरोदरपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्मली. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात ही संख्या इतकी मोठी नव्हती. त्यांतली बरीचशी ३४ आठवड्यांनंतरची असतात आणि थोड्या आधारावर तग धरतात. त्याहून आधी जन्मलेल्या किंवा १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळाला मात्र विशेष नवजात कक्षात ठेवावे लागते. गावाकडे त्याला बाळ ‘पेटीत ठेवले’ असे म्हणतात. तिथे श्वासाला आधार मिळतो, ऊब मिळते, नळीने दूध मिळते. पण त्याच कक्षात काही दिवसांनी दुसरे संकट उभे राहू शकते. दवाखान्यातच वाढलेले जिवाणू बाळाच्या रक्तात शिरतात आणि सगळे शरीर त्यांच्या तावडीत सापडते. या सेप्सिसची सुरुवात इतकी मुकी असते की ती ओळखण्यात गेलेले काही तासही महागात पडतात.

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसहून निघालेले असे बाळ बहुधा एका दवाखान्यात थांबत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून परभणीच्या मोठ्या रुग्णालयात आणि तिथेही निभावले नाही तर नांदेडला, असा त्याचा प्रवास होतो. प्रत्येक ठिकाणी नवे हात, नवी सुई, नवा पलंग, आणि प्रत्येक ठिकाणचे जिवाणू वेगळे. म्हणून बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत होण्याची चिन्हे असतील, तर बाळ पोटात असतानाच आईला थेट मोठ्या रुग्णालयात हलवणे सर्वांत सुरक्षित असते. ३७ आठवड्यांच्या आत पोट घट्ट होऊन कळा येऊ लागल्या, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, तर ‘सकाळी बघू’ असे म्हणू नये. १०२ किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अशा कळा सुरू झाल्या, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने बारा-बारा तासांच्या अंतराने चार वेळा देतात. बाळाची फुप्फुसे त्यामुळे लवकर तयार होतात. फुप्फुसे तयार असली की व्हेंटिलेटरची गरज कमी पडते, आणि नळ्या कमी म्हणजे जिवाणूंना वाटाही कमी. पुढे पाठवण्याआधी पहिले इंजेक्शन मिळाले का, हे आरोग्य केंद्रातच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

हेच बाळ का सापडते

आईच्या रक्तातली रोगप्रतिबंधक द्रव्ये बाळाला वारेतून मिळतात, आणि त्यांचा मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत पोचतो. सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ या शिदोरीशिवायच जगात येते. त्याची कातडी कागदासारखी पातळ असते आणि चिकटपट्टी ओढून काढली तरी सोलवटते. आतड्याचे अस्तरही कच्चे असते, त्यामुळे आतड्यातले जिवाणू रक्तात झिरपू शकतात. त्यातच सलाईनची सुई, नाळेतून घातलेली नळी, नाकातली दुधाची नळी, श्वासाची नळी ही सगळी उपचाराची साधने बाहेरून आत जाणारे रस्ते ठरतात. बाळ जितके लहान तितके त्याचे कक्षातले दिवस जास्त, आणि दिवस जितके जास्त तितका धोका अधिक.

जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत दिसणारा संसर्ग बहुतेक वेळा आईकडून आलेला आणि त्यानंतरचा दवाखान्यातला, अशी विभागणी पुस्तकांत असते. भारतात ती पुरेशी ठरत नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या नवजात अतिदक्षता कक्षांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या साडेतेरा हजार बाळांचा अभ्यास झाला. तिथे शंभरातल्या सुमारे १४ बाळांना सेप्सिस झाला आणि त्यांतल्या बहुतेकांना तो पहिल्या तीन दिवसांतच झाला. सापडलेल्या जिवाणूंत ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय आघाडीवर होते. पहिले दोन तर दवाखान्यात मुरलेले म्हणूनच ओळखले जातात. म्हणजे बाळंतपणाच्या टेबलापासून किंवा पहिल्या काही तासांतच जिवाणू चिकटत असावेत. ॲसिनेटोबॅक्टरचे ८० टक्क्यांहून अधिक नमुने अनेक अँटिबायोटिकांना दाद देत नव्हते. रक्तात जिवाणू प्रत्यक्ष सापडलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दगावली. ती रुग्णालये अत्यवस्थ बाळे पाठवण्याची ठिकाणे होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे जिल्ह्याच्या कक्षाला लावता येणार नाहीत. जिवाणू मात्र सगळीकडे याच घराण्यातले आहेत, आणि उपचारापेक्षा त्यांना अटकाव करणे कितीतरी सोपे, हेही सगळीकडे खरे आहे.

सगळ्यात मोठी वाट हातांची

हे जिवाणू हवेतून उडत येण्यापेक्षा हातांवरून जास्त येतात. एका बाळाचा लंगोट बदललेला हात दुसऱ्याच्या सलाईनला लागतो, आणि काम झाले. ओलावा असेल तिथे ते दिवसेंदिवस तग धरतात: ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी, सक्शनची नळी, बेसिनचे तोंड, एकच औषधाची कुपी अनेक बाळांना वापरली तर ती कुपी. एका वॉर्मरवर दोन बाळे झोपवावी लागली किंवा एका सिस्टरवर खूप बाळांचा भार पडला, की हात धुणे मागे पडते. हा एकट्या परिचारिकेचा दोष मानणे अन्यायाचे आहे. हात धुण्यासाठीसुद्धा वेळ, साबण आणि नळाला पाणी लागते, आणि उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या मराठवाड्याला त्यातली अडचण वेगळी सांगायला नको. दवाखान्याच्या इतर कामांत पाण्याची काटकसर चालेल. नवजात कक्षाच्या बेसिनवर ती चालत नाही.

आईने किंवा बाळाला हाताळणाऱ्या कोणीही कक्षात शिरताना चपला बाहेर ठेवाव्यात, घड्याळ, अंगठ्या आणि हातातले दोरे काढावेत, बाह्या कोपराच्या वर सरकवाव्यात. बांगड्यांचा प्रश्न नाजूक असतो. पहिल्या बाळंतपणात हिरव्या चुड्याने हात भरलेले असतात आणि तो उतरवायला घरच्या वडीलधाऱ्या बायकांचे मन धजत नाही. पण साबण बांगडीखाली पोचत नाही आणि ओल तिथेच राहते. बाळ घरी येईपर्यंत चुडा उतरवून जपून ठेवावा आणि घरी आल्यावर पुन्हा भरावा, एवढे सासूबाईंना आधीच समजावून सांगितले तर कक्षाच्या दारात रडारड होत नाही. नखे कापलेली असावीत, नेलपॉलिश नसावे. मग वाहत्या पाण्याखाली साबण लावून तळवे, तळहाताच्या मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके, मनगट आणि शेवटी कोपरापर्यंतचा भाग, असे पहिल्या वेळी निदान दोन मिनिटे चोळावे. हात वर धरून पाणी कोपराकडे निथळू द्यावे. नळ कोपराने किंवा कागदाने बंद करावा आणि हात पदराला पुसू नयेत. पदर दिवसभर सगळीकडे लागलेला असतो. तिथेच धुतलेले सगळे वाया जाते. आत आल्यावर बाळाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर दर वेळी हात पुन्हा स्वच्छ करावेत. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचे द्रावण वीस-तीस सेकंद, वाळेपर्यंत चोळले तरी पुरते. मळलेल्या हातांना मात्र साबणच लागतो.

मोबाइल बाहेर ठेवावा. फोटोसाठी आत नेलेला मोबाइल धुतलेल्या हातांवर पुन्हा जिवाणू आणून ठेवतो. सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा हातावर गळू असलेल्या माणसाने कितीही जवळचे नाते असले तरी आत जाऊ नये. बाळाच्या कपाळाला अंगारा, मनगटाला काळा दोरा, जिभेवर मध, तीर्थ किंवा बाळगुटी, यांतले काहीही कक्षात चालत नाही. श्रद्धेचा दोरा घरी पाळण्याला बांधता येतो.

एखाद्याने हात न धुता बाळाला हात लावल्याचे दिसले तर बोलावे. ‘सिस्टर, जरा हात धुऊन घ्याल का, बाळ फार नाजूक आहे’ असे शांतपणे म्हटले तर कोणी रागावत नाही, आणि कोणी रागावलेच तरी तो राग सोसण्याजोगा आहे. २०१७ पासून सरकारी नवजात कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. आई-वडिलांना शिकवून बाळाच्या देखभालीत घ्यावे, असे त्यांत म्हटले आहे. तेव्हा दारातून परत पाठवले तर ‘आत येण्याची वेळ कोणती आणि आम्हाला शिकवणार कोण’ हे विचारण्यात काही गैर नाही.

दूध आणि आईची छाती

मुंबईच्या सायन रुग्णालयाचा अनुभव या बाबतीत महाराष्ट्राचाच आहे. तिथल्या नवजात विभागात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी बाहेरच्या दुधाऐवजी आईच्या दुधावर भर दिला आणि आयांना बाळांच्या देखभालीत सामील करून घेतले. ज्यांच्या आईला दूध येत नव्हते त्यांच्यासाठी १९८९ मध्ये तिथे मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. आईच्या दुधात, विशेषतः पहिल्या दिवसांच्या पिवळसर चिकात, जिवाणूंशी लढणारी द्रव्ये असतात. ती बाळाच्या आतड्याला आतून लेप देतात आणि आतडे सडवणाऱ्या एनईसी या भयंकर आजाराचा धोकाही कमी करतात. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. शिवाय ती कालवायचे पाणी, वाटी आणि बाटली यांतून नवे जिवाणू येतात.

म्हणून बाळ पेटीत आणि आई वॉर्डात असली तरी दूध काढायला पहिल्या काही तासांतच सुरुवात करावी. बाळ ओढत नसले तरी हाताने दूध काढता येते. दहा मिनिटे उकळलेली स्टीलची वाटी घ्यावी, हात धुवावेत, काळसर भागाच्या मागे अंगठा आणि बोटे ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग हलकेच एकमेकांकडे आणावीत. पहिल्या दिवशी चमचाभरही निघत नाही. तेवढे चार थेंबही फेकायचे नसतात, कारण नळीने दूध सुरू होण्याआधी ते बाळाच्या गालाच्या आत लावतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसातून आठ वेळा तरी काढावे. थांबले की दूध आटते. काढलेले दूध नाव आणि वेळ लिहून लगेच सिस्टरकडे द्यावे. परभणीच्या मे महिन्यात वाटी उशाशी ठेवून देणे धोक्याचे आहे. चीक ‘जड’ म्हणून टाकून देण्याची जुनी समजूत अजूनही कुठेकुठे आहे. कमी दिवसांच्या बाळाच्या बाबतीत ती सरळसरळ घातक ठरते.

कांगारू पद्धतीनेही संसर्ग कमी होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ती केवळ ऊब देण्याची युक्ती समजली जाते. बाळाच्या अंगावर फक्त टोपडे, मोजे आणि लंगोट ठेवून त्याला आईच्या उघड्या छातीवर उभे झोपवायचे, मान एका बाजूला वळवायची आणि वरून कापडाने बांधायचे. तिथे बाळाच्या कातडीवर दवाखान्यातले जिवाणू वसण्याऐवजी आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जिवाणू वसतात, आणि त्या जिवाणूंविरुद्धची द्रव्ये आईच्या दुधातून मिळतात. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केल्यावर मृत्यू २५ टक्क्यांनी घटले, आणि सेप्सिसही कमी झाला. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसातून ८ ते २४ तास कांगारू सांगते. एका वेळी तासभर तरी बाळ छातीवर राहिले पाहिजे, नाहीतर काढण्या-ठेवण्यातच ते थंड पडते. आई थकली की वडिलांनी किंवा आजीने घ्यावे; त्यांनाही आंघोळ आणि हात धुण्याचे नियम तेच. एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेताना, बाळाची श्वासाची स्थिती तशी असेल तर, रुग्णवाहिकेतही ही ऊब सर्वांत भरवशाची असते.

सुया, तपासण्या आणि अँटिबायोटिके

सलाईनची सुई जिथे टोचली आहे ती जागा आईला रोज दिसते. तिथे लाली, सूज, ताठरपणा किंवा पू दिसला, पट्टी ओली किंवा सुटलेली असली तर लगेच सांगावे. दिवसातून एकदा डॉक्टरांना विचारावे, ‘ही सुई अजून लागणार आहे का? दूध किती वाढले?’ गरज संपलेली सुई एक दिवस आधी निघाली, तर धोक्याचा एक दिवस कमी होतो.

संसर्गाची शंका आली की अँटिबायोटिक सुरू करण्याआधी बाळाचे साधारण एक मिलिलिटर रक्त कल्चरसाठी घेतात. जिवाणू वाढून तो कोणता आणि कोणत्या औषधाने मरतो हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. सीआरपी आणि पांढऱ्या पेशींच्या तपासण्या लवकर येतात, पण त्या नेमका जिवाणू सांगत नाहीत. नातेवाइकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: कल्चर घेतले का, अहवाल कधी येईल, आणि कल्चरमध्ये काही वाढले नाही व बाळ बरे दिसत असेल तर औषध कधी थांबेल. ‘भारी औषध’ हवे म्हणून आग्रह धरू नये. गरजेपेक्षा लांबलेली अँटिबायोटिके बाळाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मारतात, बुरशीच्या संसर्गाला वाट करून देतात आणि कक्षातले उरलेले जिवाणू आणखी निर्ढावतात. दुसरीकडे, संसर्ग सिद्ध झाला असेल तर दहा-चौदा दिवस, आणि तो मेंदूच्या आवरणापर्यंत गेला असेल तर तीन आठवड्यांपर्यंत उपचार लागतात. ते मध्येच सोडता येत नाहीत. कल्चरच्या अहवालाचा फोटो घरच्यांच्या मोबाइलमध्ये असावा. परभणीहून नांदेडला हलवताना तो एक कागद पुढच्या डॉक्टरांचे दोन दिवस वाचवतो.

सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचा उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. पैशापायी किंवा ‘इथे बाळाला आणखी रोग लागेल’ या भीतीपायी सही करून बाळ घरी नेणे हा सर्वांत वाईट मार्ग. दवाखान्यात संसर्गाचा धोका आहे हे खरे. पण १२०० ग्रॅमचे बाळ घरी श्वास थांबून किंवा थंड पडून दगावण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. काळजी वाटत असेल तर दुसऱ्या रुग्णालयात रीतसर पाठवण्याची चिठ्ठी मागावी.

संसर्ग झाल्याच्या खुणा

मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप येतो. कमी दिवसांच्या बाळाला बहुतेकदा ताप येत नाही, उलट ते थंड पडते. हातापायांबरोबर पोटही गार लागले तर गंभीर समजावे. काल दूध पचवणारे बाळ आज पचवत नाही, नळीतून दूध परत येते, पोट फुगते, हिरवी उलटी होते. श्वास वीस सेकंद थांबतो, किंवा मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त होतो, छाती आत ओढली जाते, कण्हल्यासारखा आवाज येतो. कातडी राखाडी किंवा जाळीदार दिसते, कावीळ तळपायांपर्यंत उतरते, बेंबीभोवती लाली येते, अंगावर पुवाचे फोड उठतात, झटके येतात. यांतली काही लक्षणे इतर कारणांनीही दिसतात. तरीही सर्वांत आधीची आणि सर्वांत खरी खूण बहुधा आईच्याच ध्यानात येते: ‘बाळ आज वेगळं वाटतंय, मलूल आहे.’ हे वाक्य सिस्टरला सांगायला संकोच करू नये आणि ऐकणाऱ्यानेही ते झटकून टाकू नये.

घरी आल्यावर

कक्षातून सुटी झाली तरी बाळाची कातडी आणि प्रतिकारशक्ती लगेच पक्की होत नाही, आणि दवाखान्यातले जिवाणू काही काळ त्याच्या अंगावर व आतड्यात राहतात. पहिला महिना-दोन महिने बाळ-बाळंतीण पाहायला येणाऱ्यांची गर्दी टाळावी. बारशाचा मोठा कार्यक्रम बाळाने अडीच किलो गाठेपर्यंत पुढे ढकलला तर काही बिघडत नाही. बेंबी कोरडी ठेवावी; हळद, तेल, राख लावू नये. काजळ, धुरी आणि शेगडीचा शेक टाळावा. जोरकस मालिशीने कच्ची कातडी सोलवटते, तेव्हा मालिश कधी आणि कोणत्या तेलाने करायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. अंगावर पिणे जमत नसेल तर उकळलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दूध पाजावे. बाटली नको, कारण तिच्या बुचाच्या कडा आणि सांधे घरी नीट स्वच्छ होत नाहीत.

ताडकळसच्या उन्हाळ्यात एक वेगळी अडचण येते. पत्र्याच्या खोलीत दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचे अंग उन्हानेच तापते. बाळ चांगले पीत असेल तर कपडे कमी करून थंडाव्याच्या खोलीत न्यावे आणि वीस मिनिटांनी थर्मामीटर काखेत लावावा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट हे योग्य तापमान. त्यानंतरही ताप राहिला, किंवा बाळ पीत नसेल, तर घरी थांबू नये.

आशाताईच्या घरभेटींचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजाताचा सेप्सिस ओळखायला आणि त्यावर उपचार करायला शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि पुढे देशभर आशांकडे हे काम आले. दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर तिच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. त्यांतले पहिले दिवस बाळ कक्षात असताना निघून जातात, म्हणून सुटी झाल्याच्या दिवशीच तिला फोन करून सुटीचा कागद दाखवावा. बाळाचे वजन, तापमान आणि श्वास ती मोजते. धोक्याची खूण दिसली तर वाहनही तिच्याच मदतीने मिळते.

सेप्सिस होऊन गेलेल्या बाळाच्या पुढच्या तपासण्या चुकवू नयेत. २००० ग्रॅमच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून चार आठवड्यांच्या आत तपासावा लागतो, आणि फारच लहान बाळाचा दोन-तीन आठवड्यांतच. संसर्ग व ऑक्सिजन यांमुळे पडद्यावर वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांवर वेळेत उपचार झाला नाही, तर दृष्टी जाते. जेंटामायसिन किंवा अमिकासिन दिलेल्या आणि मेंदूज्वर झालेल्या बाळाची श्रवणचाचणी करून घ्यावी. मान धरणे, बसणे, हसणे यांचे वय जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे आणि लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे द्याव्यात. वाढ मागे वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पहिल्या वर्षभरातच दाखवावे, कारण हातापायांचा ताठरपणा आणि मेंदूची वाढ यांवरचे व्यायामोपचार त्या वयात सर्वांत जास्त लागू पडतात.